दुकानातल्या निनावी मिरचीची ओळख: गोंधळ मुळात कुठून आला?

दुकानातल्या खोक्यावर ‘तिखट मिरची’ किंवा ‘थाई चिली’ एवढंच लिहिलेलं असतं. घरी आणून चिरल्यावर प्रश्न पडतो, ही नेमकी कोणती? उत्तर सहज मिळत नाही, कारण मिरचीची नावं नेहमी फळाकडे बघून पडली आणि तिची खरी ओळख पटवणाऱ्या खुणा फुलात आहेत. दुकानात फूल येत नाही.

चुकीच्या नावाची सुरुवात फार जुनी आहे. कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर हाती लागलेल्या तिखट फळाला स्पॅनिश लोकांनी मिरीचंच नाव चिकटवलं. आपला ‘मिरची’ हा शब्दही ‘मरीच’ म्हणजे मिरीवरूनच आला, तेव्हा ही गल्लत आपल्याही भाषेत मुरलेली आहे. १५४२ मध्ये जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स यांनी आपल्या वनस्पतिकोशात मिरचीची सुरेख चित्रं छापली, पण तिला ‘कालिकतची मिरी’ म्हटलं. वनस्पती अमेरिका खंडातली, नाव मलबारचं!

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये मिरचीच्या दोन प्रजाती नोंदवल्या, ॲन्युअम आणि फ्रुटेसेन्स. पुढे १७७६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जाकां यांनी आणखी एका प्रजातीला ‘चायनेन्स’ म्हणजे ‘चीनची’ असं नाव दिलं. चीनशी तिचा काही संबंध नव्हता, पण नियमानुसार आधीचं नाव टिकतं म्हणून ते आजही चालू आहे. हबानेरो, स्कॉच बॉनेट, भूत जोलोकिया या जहाल तिखट मिरच्या सगळ्या चायनेन्सच्या गोतावळ्यातल्या. मधल्या काळात मतं इतकी हेलकावत राहिली की १९२३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बेली यांनी लागवडीखालच्या सगळ्या मिरच्या एकाच प्रजातीत घातल्या. १९५० च्या दशकात स्मिथ आणि हायझर या संशोधकांनी फुलं, देठ आणि संकराचे प्रयोग तपासून ही मोट पुन्हा सोडवली. आज लागवडीच्या पाच प्रजाती धरल्या जातात: ॲन्युअम, फ्रुटेसेन्स, चायनेन्स, बॅकाटम आणि प्युबेसेन्स.

हा इतिहास हातात असला की तपासणीचा क्रमही कळतो: आधी प्रजाती, मग प्रकार, आणि वाण अगदी शेवटी, जमलं तर.

देठ तोडू नका. देठ जिथे हिरव्या टोपीला मिळतो तिथे, दोरी आवळल्यासारखी गोल खाच दिसली तर चायनेन्सची शक्यता मोठी. मात्र काही चायनेन्स मिरच्यांत ही खाच नसते, म्हणून जोडीला वासही बघा. चिरल्यावर जर्दाळूसारखा फळाचा गंध येतो. बिया काळ्या किंवा गडद तपकिरी असतील तर प्युबेसेन्स. बाकी चारही प्रजातींच्या बिया फिकट पिवळसर. पिकलेलं छोटं, मऊ फळ टोपीतून अलगद निसटत असेल तर फ्रुटेसेन्सचा संशय घ्यावा. यातलं काहीच नसेल तर बहुधा ॲन्युअम, दुकानात सर्वांत जास्त तीच असते.

फळ उभं चिरा. बिया ज्यावर लगडलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यावर पिवळसर, चकाकणारे थेंब दिसले तर मिरची चांगलीच तिखट. तिखटपणा तिथेच तयार होतो, बियांत नाही. म्हणून टोकाचा तुकडा चाखून ‘ही सौम्य आहे’ असं म्हणू नका. हातमोजे घालाच, तिखटपणा देणारं कॅप्सेसिन हे द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, नुसत्या पाण्याने धुतलेले हात डोळ्याला लागले तर पस्तावाल.

तिखटपणावरून नाव ठरवण्याचा मोह १९१२ पासूनचा. त्या वर्षी विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरपाण्यात, चव घेणाऱ्यांना जळजळ जाणवेनाशी होईपर्यंत पातळ करायची पद्धत काढली. जितकं जास्त पातळ करावं लागेल तितका आकडा मोठा. त्या मापाने हालापिन्यो ही मेक्सिकन मिरची साधारण २,५०० ते ८,०००, हबानेरो एक ते साडेतीन लाख. आकडे आकर्षक आहेत, पण एकाच वाणाच्या झाडांवर पाण्याचा ताण आणि उन्हाळा यांनी मोठा फरक पडतो. त्यात पैदासकारांनी मुद्दाम सौम्य वाण काढले. टेक्सासचा ‘टॅम माइल्ड’ हालापिन्यो १९८१ चा. त्यामुळे तिखटपणाने एखादं नाव बाद करता येतं, पक्कं करता येत नाही.

रंगही फसवा आहे. हिरवी आणि लाल या बहुतेकदा एकाच फळाच्या दोन अवस्था. १९५२ मध्ये तयार झालेली फ्रेस्नो मिरची आणि लाल झालेली हालापिन्यो यांची तर सर्रास अदलाबदल होते. भिंत जाड, टोक बोथट, सालीवर बुचासारख्या रेघा असतील तर हालापिन्यो. भिंत पातळ आणि टोकाकडे निमुळती असेल तर फ्रेस्नो. नावांचाही असाच घोळ: अमेरिकेतल्या कित्येक दुकानांत पोब्लानो मिरची ‘पासिया’ म्हणून विकतात, आणि पासिया हे खरं तर चिलाका या वेगळ्या मिरचीचं, ती सुकवल्यावरचं नाव.

खात्री हवी असेल तर बी पेरणं आलं. बी पूर्ण पिकलेल्या फळाचंच घ्या, हिरव्यातलं कच्चं बी सहसा रुजत नाही. २५ ते ३० अंश उष्णतेत ॲन्युअम एक ते तीन आठवड्यांत उगवते, चायनेन्सला महिनाही लागतो. फूल आलं की बघा: पांढरं आणि पेऱ्यावर एकेकटं, तर ॲन्युअम, हिरवट पांढरं, तर फ्रुटेसेन्स, पाकळ्यांच्या तळाशी पिवळे-हिरवे डाग, तर बॅकाटम, जांभळं, तर प्युबेसेन्स.

इथे एक अडचण येते. दुकानातली बरीच मिरची संकरित एफ-१ वाणांची (म्हणजे दोन वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीची) असते, तिच्या बियांतून आलेली झाडं एकसारखी निघत नाहीत. म्हणून दोन-तीन रोपांवर भागवू नका. एखादा अप्रभावी गुण, म्हणजे संकरात दडून राहणारा, समजा वर तोंड करून लागणारी फळं, अशा बियांतून आलेल्या पिढीत चारात एका झाडाला दिसतो. सहा झाडं लावली तर तो अजिबात न दिसण्याची शक्यता १८ टक्के, बारा लावली तर ३ टक्के. बाराही झाडं सारखी निघाली तर वाण स्थिर असावा. वेगवेगळी निघाली तर बी संकरित होतं, आणि दुकानातली मूळ मिरची त्या बियांतून जशीच्या तशी परत मिळणार नाही.

नोंदवहीत मग असं लिहावं: ‘ॲन्युअम, केयेन प्रकार, ११ सेंमी, पातळ भिंत, लाल, वाण अज्ञात.’