ज्या पुळणींना कोणी विचारत नव्हतं

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या वायव्य टोकाला, स्तिंतिनो गावाजवळ, ‘ला पेलोसा’ नावाची पुळण आहे. पाणी इतकं नितळ की नांगरलेल्या होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसते. उन्हाळ्यात इथे जायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं, साडेतीन युरो भरावे लागतात, आणि दिवसाला दीड हजारांच्या वर माणूस घेत नाहीत. २०२० पासूनची ही व्यवस्था. शिवाय टॉवेल अंथरायचा तर खाली चटई हवीच. ओल्या टॉवेलला वाळू चिकटते, कितीही झटकला तरी मूठभर घरी जातेच. म्हणून नुसता टॉवेल टाकून पहुडलात तर दंड.

भूमध्य समुद्रातल्या उत्तम किनाऱ्यांच्या याद्या दरवर्षी निघतात आणि त्यांत सार्डिनियाची दोन-चार नावं ठरलेली असतात. वाळूचा रंग कसा, गाडी कुठे लावायची, हे सगळं त्यांत मिळतं. ती वाळू आजवर जागेवर राहिली कशी, ते मात्र नसतं. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

बेट लहान नाही. क्षेत्रफळ सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर आणि किनारा साडेअठराशे किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या दुपटीहून जास्त. पण तिथल्या माणसाला त्याच्या गावचं खास जेवण विचारा, तो माशाचं नाव आधी घेणार नाही. निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं पिल्लू आणि मेंढीच्या दुधाचं चीज, असं सांगेल. चहूबाजूंनी पाणी आणि जेवण डोंगरातल्या धनगराचं. समुद्राशी या लोकांचं फारसं कधी जमलंच नाही. ‘समुद्रावरून येतो तो लुटायलाच येतो’ अशा अर्थाची म्हणच सार्ड भाषेत आहे.

लुटायला येणारे खरोखरच होते. फिनिशियन व्यापाऱ्यांनी नोरा, थारोस अशी बंदरं वसवली, पुढे कार्थेज आणि रोमच्या काळात ती नांदली. आठव्या शतकापासून अरबांचे हल्ले सुरू झाले आणि किनाऱ्यावरची वस्ती हळूहळू आत सरकत गेली. अकराव्या शतकात थारोसची माणसं गाव सोडून आत ओरिस्तानोला गेली. थारोसचे दगड गाड्या भरभरून नेतात, अशी एक जुनी ओळ तिथे अजून म्हटली जाते. घरं नुसती सोडली नाहीत, उपसून नेली! आज थारोसच्या अवशेषांत दोन खांब उभे दिसतात आणि जवळच ‘इस आरूतास’ची पुळण आहे. तिथली वाळू म्हणजे तांदळाच्या कणीएवढे गारगोटीचे दाणे.

सोळाव्या शतकात स्पॅनिश राजवटीने किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज बांधले. दिवसा धूर, रात्री जाळ, एका बुरुजावरून दुसऱ्याला इशारा. त्यातले शंभरेक अजून उभे आहेत. ला पेलोसासमोरच्या खडकावर फोटोत हमखास दिसतो तो बुरूज १५७८चा. बुरूज होते म्हणून धाड थांबली असं मात्र नाही. १७९८च्या सप्टेंबरात ट्युनिसच्या चाच्यांनी सान पिएत्रो बेटावरच्या कार्लोफोर्ते गावातून नऊशेच्या वर माणसं धरून नेली. खंडणी भरून ती सुटायला पाच वर्षं लागली. असल्या किनाऱ्यावर घर कोण बांधणार?

पण माणसांना किनाऱ्यापासून दूर ठेवण्यात चाच्यांपेक्षा डासाचा हात मोठा. पुळणीच्या मागे खाजणं, दलदल, तुंबलेले ओढे. आणि त्यात हिवताप. ‘मलेरिया’ हा शब्दच इटालियन, ‘वाईट हवा’. हिवाळ्यात धनगर मेंढ्या घेऊन सखल भागात उतरत आणि उन्हाळा चढायच्या आत डोंगरात परतत. आपण ज्या महिन्यांत तिथे पोहायला जाऊ, नेमके तेच महिने तापाचे. या रोगाने बेटावरच्या माणसांच्या रक्तातही खूण ठेवली. सार्डिनियात थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे, कारण त्या जनुकाची एकच प्रत असलेला माणूस मलेरियातून वाचण्याची शक्यता अधिक होती.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हाही ताप होताच. १९४६ साली बेटावर पाऊण लाखाच्या आसपास रुग्णांची नोंद झाली. त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशन आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेच्या पैशातून एक अचाट मोहीम सुरू झाली. मलेरिया आटोक्यात आणणं एवढाच बेत नव्हता. तो पसरवणाऱ्या डासाची जातच बेटावरून निपटायची होती. हजारो माणसं पाठीवर पंप बांधून घरं, गोठे, विहिरी, गुहा, सगळीकडे डीडीटी मारत फिरली. एक घर झालं की भिंतीवर ‘डीडीटी’ आणि तारखेचा शिक्का. जुन्या घरांच्या भिंतींवर ती पुसट अक्षरं नंतर कितीतरी वर्षं दिसत राहिली. डास काही निर्वंश झाला नाही, पण मलेरिया गेला. १९५१ साली नवे रुग्ण एक आकडी उरले. डीडीटीने बाकी काय काय मारलं, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही.

म्हणजे सार्डिनियाचा किनारा राहण्याजोगा होऊन जेमतेम पाऊणशे वर्षं झाली. इटलीच्या मुख्य भूमीवर रिमिनीला छत्र्या आणि खुर्च्यांच्या रांगा लागू लागल्या तेव्हा इथल्या पुळणींवर गुरं फिरत होती. ईशान्येकडच्या गाल्लुरा भागात एक गोष्ट सांगतात. वाटण्या करताना आतली चांगली कुरणं मुलग्यांना आणि किनाऱ्याकडची खडकाळ, खारट जमीन मुलींना द्यायची पद्धत होती. तिथे ना धड गवत, ना धड पीक. पुढे याच जमिनीला सोन्याचा भाव आला. हिश्श्याला फसलेल्या बहिणींचं शेवटी भलं झालं, ही गोष्ट सांगणाऱ्यालाही आवडते आणि ऐकणाऱ्यालाही, त्यामुळे ती जरा चोळून सांगितली जात असणार.

भाव आला तो आगाखानांमुळे. आणि इथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. पुण्यात नगर रस्त्यावर जो आगाखान पॅलेस आहे, जिथे ‘चले जाव’नंतर गांधीजींना स्थानबद्ध केलं होतं आणि जिथे महादेवभाई देसाई व कस्तुरबा गेल्या, तो तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली बांधलेला. त्यांचे आजोबा, पहिले आगाखान, इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झाले. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. तिसऱ्या आगाखानांचे नातू करीम १९५७ साली, विसाव्या वर्षी, इस्माइली या मुस्लिम पंथाचे प्रमुख, म्हणजे चौथे आगाखान झाले. पुण्याचा पॅलेस १९६९ साली गांधीजींच्या स्मृतीसाठी देऊन टाकला तो याच करीम यांनी. आणि त्याआधी सातच वर्षं, १४ मार्च १९६२ रोजी, पंचविशीतल्या याच माणसाने सार्डिनियात काही धनवंत मित्रांना घेऊन एक संघ स्थापला होता. स्थानिक लोक त्या भागाला ‘मोंती दी मोला’ म्हणत, जात्याच्या दगडांचे डोंगर. संघाने नवं नाव ठेवलं ‘कोस्ता स्मेराल्दा’, पाचूचा किनारा. जात्याचा पाचू झाला!

रस्ते नव्हते, पाणी नव्हतं, वीज नव्हती. पोर्तो चेर्वोचं बंदर, हॉटेलं, १९६३ साली स्वतःची विमान कंपनी, सगळं नव्याने उभं राहिलं. मात्र संघाचे नियम कडक होते. विजेच्या तारा जमिनीखालून, इमारती बुटक्या, रंग मातीचे, झाडं तिथलीच. जाक कुएल या फ्रेंच वास्तुकाराने ‘काला दी व्होल्पे’ हे हॉटेल जुन्या कोळीवाड्यासारखं दिसेल असं बांधलं. वाकड्यातिकड्या भिंती, जुनाट लाकडं. गंमत अशी की त्या जागी कोळीवाडा कधी नव्हताच. ज्या किनाऱ्यावर भीतीने कोणी राहत नव्हतं, तिथे नसलेल्या गावाची हुबेहूब नक्कल उभी राहिली. तिथल्या एका पुळणीला ‘स्पियाज्जा देल प्रिंचिपे’, म्हणजे राजपुत्राची पुळण म्हणतात. ती करीम यांची आवडती होती म्हणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वारले. हॉटेलं २०१२ पासूनच कतारच्या हातात आहेत.

पाचूच्या किनाऱ्याने वाट दाखवली आणि मागून येणाऱ्यांनी त्याची चव सोडून बाकी सगळं उचललं. ठिकठिकाणी वर्षातले दहा महिने बंद राहणाऱ्या बंगल्यांच्या वसाहती उठल्या. २००४ साली बेटाचे अध्यक्ष रेनातो सोरू यांनी किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या आत नव्या बांधकामाला आडकाठी घातली. इंटरनेट कंपनी काढून श्रीमंत झालेला हा माणूस बिल्डरांच्या वाटेत उभा राहिला, याचं अनेकांना नवल वाटलं. बाहेरच्यांच्या यॉट, खासगी विमानं आणि किनाऱ्यावरची दुसरी घरं यांवर त्यांनी करही लावला. तो कोर्टात टिकला नाही.

काही जागा वेगळ्याच कारणाने वाचल्या. ला पेलोसातून समोर असिनारा बेट दिसतं. १८८५ साली सरकारला तिथे कैद्यांची वसाहत हवी होती, म्हणून ४५ कुटुंबांना बेट सोडायला लावलं. त्या विस्थापितांनी समोर वसवलेलं गाव म्हणजेच स्तिंतिनो. पुढे असिनारावर कडेकोट तुरुंग झाला. १९८५ साली माफियाविरोधी महाखटल्याचे कागद तयार करताना न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांना जिवाच्या भीतीने सहकुटुंब तिथेच ठेवलं होतं. तुरुंग बंद होऊन तिथे राष्ट्रीय उद्यान झालं ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस. शंभर वर्षं पर्यटक नाही, त्यामुळे पुळणी जशाच्या तशा.

पूर्वेला बाउनेईच्या हद्दीतल्या ‘काला गोलोरित्झे’ला जायला आजही चुनखडीच्या पठारावरून तासभर उतरावं लागतं, मग परतीची चढण. ही पुळण म्हणजे दरड कोसळून पडलेले पांढरे गोटे आहेत, आणि ती दरड कोसळली १९६२ साली. म्हणजे आगाखानांचा संघ आणि ही पुळण एकाच वर्षाची. तिथे दिवसाला अडीचशे माणसं सोडतात. बुदेल्लीच्या गुलाबी पुळणीवर तर पाऊल ठेवायलाच बंदी आहे, होडीतून लांबूनच बघायची. तिचा रंग एका सूक्ष्म जीवाच्या तांबूस कवचांच्या चुऱ्यामुळे येतो. तो चुरा लोकांनी वर्षानुवर्षं बाटल्यांतून नेला.

वाळू नेणं हा आता बेटावर गुन्हा आहे, ५०० ते ३००० युरो दंड. २०१९ साली एक फ्रेंच जोडपं पोर्तो तोर्रेसच्या बंदरात पकडलं गेलं. गाडीत प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलेली ४० किलो वाळू होती, किया भागातल्या पुळणीवरची. आठवण म्हणून नेत होतो, म्हणाले. विमानतळावरही तपासणीत अशा बाटल्या सापडत राहतात, आणि कधीकधी परदेशातून एखादं पार्सलही येतं. आत दहा-वीस वर्षांपूर्वी नेलेली वाळू आणि सोबत माफीची चिठ्ठी.