फ्रॉस्टबाइट: बोटं वाचली की गेली, आणि त्यानंतरचं काय?

मुंबईत थंडी म्हणजे जानेवारीत दोन दिवस स्वेटर, त्यामुळे फ्रॉस्टबाइट, म्हणजे कडक थंडीने हातापायाची बोटं गोठणं, हा आपला विषयच नाही असं वाटतं, पण सह्याद्रीत भटकून पुढे हिमालयात जाणारी बरीच पोरंपोरी इथलीच, आणि बोटं काळी पडली तर उरलेलं आयुष्य काढायचं तेही इथेच.

याचा इतिहास बराचसा कापाकापीचा आहे. १८१२ च्या रशिया मोहिमेत नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे याने बघितलं की गोठलेले पाय शेकोटीला धरले की अजून बिघडतात (बधिर पायाला भाजलेलं कळतच नाही), म्हणून त्याने सांगितलं बर्फाने चोळा. निरीक्षण बरोबर, उपाय घातक, आणि तो शंभरावर वर्षं चालला. १९६० च्या सुमारास अलास्कातल्या डॉ. विल्यम मिल्सनी कोमट पाण्यात पटकन गरम करण्यावर जोर दिला, आता ३७ ते ३९ डिग्री धरतात. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर करून परतताना एर्झोग आणि लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांची गोठलेली बोटं डॉक्टर वाटेतच कापत होते, भारतातल्या ट्रेनमध्येसुद्धा. आता शक्यतो थांबतात, कारण जिवंत कुठवर आणि मेलेलं कुठून हे कळायलाच आठवडे, कधी महिने जातात. आयलोप्रोस्ट हे रक्तवाहिन्या उघडणारं औषध अमेरिकेत २०२४ ला मंजूर झालं, पण ते लवकर द्यावं लागतं, मुंबईला पोचेपर्यंत वेळ गेलेली असते.

नंतरचं काय हे विचारायला मात्र फार उशीर झाला. १९५७ मध्ये अशा १०० पेशंटची चार वर्षांनंतरची तपासणी छापून आली, त्यात दुखणं, बधिरपणा, जास्त घाम, ताठ सांधे, गार पडणारे हातपाय, हे सगळं होतं. म्हणजे बोट वाचलं तरी भोग संपत नाहीत, एसी लोकलमध्येसुद्धा बोटं ठणकू शकतात, अंगठा गेला असेल तर चालताना पुढे रेटा मिळत नाही मग पुलाचे जिने जड जातात, आणि लहान मुलांमध्ये हाडाची वाढच खुंटू शकते. बूट, फिजिओ, कृत्रिम पाय यासाठी हाजी अलीची १९५५ पासूनची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, ट्रेकवाल्यांना ती सहसा माहीतच नसते.

न्यूझीलंडचा गिर्यारोहक मार्क इंग्लिस याचे १९८२ मध्ये फ्रॉस्टबाइटने दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले, २००६ ला कृत्रिम पायांवर तो एव्हरेस्ट चढला, आणि त्याच मोहिमेत परत फ्रॉस्टबाइट होऊन बोटांची टोकं कापावी लागली.