चौदाव्या वर्षी थांबलेला एडगर : व्हॅम्पायर मांगाच्या आकर्षणामागचा इतिहास

मात्सुरी हिनो यांची ‘व्हॅम्पायर नाइट’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका, ‘लाला’ या जपानी मासिकात 2013 पर्यंत चालली. 2008 मध्ये तिच्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, आली आणि ती जगभर पोहोचली. एक निवासी शाळा, दिवसा माणसांच्या मुलांचा वर्ग, रात्री व्हॅम्पायरांचा, आणि दोघांच्या मध्ये पहारा देणारी युकी. या मालिकेचे चाहते बोलायला लागले की रक्ताचा विषय क्वचितच निघतो. निघतो तो कानामे या व्हॅम्पायरच्या एकटेपणाचा, नाहीतर झिरोचा. ज्या जमातीचा द्वेष करत तो वाढला, त्याच जमातीत हळूहळू ओढल्या जाणाऱ्या त्या पोराचा. देखणा, दुःखी, कोवळ्या वयाचा आणि स्वतःलाच सहन न होणारा असा हा व्हॅम्पायर आज मांगात इतका रुळलाय, की तो कायमच तिथे होता असं वाटतं. पण तसं नाही. त्याचा माग काढायचा तर 1972 मध्ये, मोतो हागिओ यांच्या ‘पो नो इचिझोकु’पर्यंत, म्हणजे पो कुळाच्या कथेपर्यंत जावं लागतं.

युरोपातला व्हॅम्पायर हा ख्रिस्ती भीतीतून वाढलेला जीव. 1819 मध्ये जॉन पॉलिडोरी या इंग्रज लेखकाच्या कथेत तो उमराव म्हणून अवतरला, 1897 मध्ये ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त त्याचं रूप पक्कं झालं. क्रूसाला घाबरणारा, चर्चने नाकारलेला, आत्मा गमावलेला. जपानमध्ये ‘ड्रॅक्युला’चा संक्षिप्त अनुवाद 1956 मध्ये झाला, मागोमाग ब्रिटिश भयपट आले, आणि 1959 मध्ये नोबुओ नाकागावा यांनी जपानी मातीतला रक्तपिपासू पडद्यावर आणला. तरी तो पाहुणाच राहिला. जिथे घराघरांत बुद्धाची वेदी, तिथे क्रूसाचा धाक कुणाला असणार? धर्माची चौकट बाजूला काढली की व्हॅम्पायराकडे उरतं काय? न संपणारं आयुष्य. हागिओंनी नेमकं तेच उचललं, आणि माझ्या मते या सगळ्या परंपरेतला सर्वांत मोठा निर्णय हाच.

हागिओ 1949 च्या, फुकुओका प्रांतातल्या ओमुताच्या. 1969 मध्ये त्यांची पहिली कथा छापून आली. पुढे त्या टोकियोत आल्या आणि नेरिमाच्या ओइझुमी भागात मांगा काढणाऱ्याच केइको ताकेमिया यांच्यासोबत एका जुन्या भाड्याच्या घरात राहू लागल्या. तरुण चित्रकर्त्या तिथे येत, मुक्काम करत, एकमेकींच्या पानांना मदत करत. मुलींसाठीची मांगा तोवर बरीचशी साचेबंद होती. या पिढीने, जिला पुढे ‘24 सालच्या मुली’ म्हटलं गेलं (जपानी कालगणनेतलं शोवा 24 म्हणजे 1949), त्यात विज्ञानकथा, इतिहास, मृत्यू, मुलामुलांमधलं प्रेम असं काय काय आणलं. इतर ठिकाणांहून साभार परत आलेल्या हागिओंच्या कथा शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेचे संपादक जुनया यामामोतो यांनी छापल्या. तो माणूस नसता तर पो कुळ कागदावर उतरलं असतं की नाही, शंकाच आहे.

पहिली कथा ‘बेस्सात्सु शोजो कॉमिक’च्या मार्च 1972 च्या अंकात आली. अगदी छोटी. एका मुलाला शेजारी राहायला आलेली मेरीबेल आवडते. एक दिवस ते कुटुंब निघून जातं. तीस वर्षांनी, प्रौढ झाल्यावर, त्याला हुबेहूब तशीच मुलगी दिसते. तिची लेक असेल, असं तो धरून चालतो. पण ती मेरीबेलच असते. कुठे दात नाहीत, किंकाळी नाही. फक्त एक मुलगी मोठी झालेली नाही, आणि तेवढ्यानेच अंगावर काटा येतो.

मग उलगडत जातो तिचा भाऊ एडगर. अठराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडमध्ये, ही दोघं पोरकी भावंडं पो या व्हॅम्पायर कुळात वाढतात. बहिणीला या कुळापासून लांब ठेवावं म्हणून एडगर स्वतः त्यांच्यातला एक व्हायला कबूल होतो, आणि चौदाव्या वर्षी कायमचा थांबतो. पुढे मेरीबेलही त्याच वाटेने येते. 1879 मध्ये त्यांना ॲलन नावाचा मुलगा भेटतो. (एडगर, ॲलन, पो ही नावं अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्यावरून आली, हे वाचकांनी ओळखलं असेलच.) हे लोक गुलाबावर जगतात, आरशात प्रतिमा पडल्याचं आणि नाडी चालल्याचं सोंग आणतात, आणि मुलं वाढत नाहीत हे शेजाऱ्यांच्या ध्यानात येण्याआधी गाव सोडतात. दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवणं! या मालिकेतली भीती ती हीच.

कथा कालक्रमाने येत नाहीत. एक एकोणिसाव्या शतकात, पुढची 1959 च्या जर्मनीतल्या शाळेत, मधली कुठेतरी मागे. माणसांच्या पिढ्या येतात-जातात, कुणाच्या डायरीत, कुणाच्या आठवणीत एडगर सापडतो. वाचक तारखा जुळवत बसतो आणि जुळवता जुळवता त्याला कळतं की या मुलाच्या लेखी आपल्यासारख्यांचं आख्खं आयुष्य म्हणजे एक प्रकरण. पानांची मांडणीही तशीच: चौकटी मोडतात, एका चौकटीतला चेहरा दुसरीवर सांडतो, पाकळ्या आणि केस पानभर पसरतात, मनातलं बोलणं फुग्याबाहेर मोकळं तरंगतं. भूतकाळ आणि वर्तमान एकाच पानावर, सीमारेषेशिवाय.

धंद्याच्या बाजूने गंमत घडली 1974 मध्ये. पुस्तकरूपातल्या पहिल्या भागाच्या 30,000 प्रती तीन दिवसांत संपल्या. मुलींच्या मांगाचं पुस्तक असं खपतं, यावर प्रकाशकांचाच विश्वास बसेना. त्याच वेळी हागिओंची दुसरी मालिका वाचकांच्या कौलात तळाला गेली होती आणि बंद करण्याची बोलणी चालू होती. पो कुळाच्या खपाने तीही वाचली. 1976 मध्ये शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी मालिका थांबली.

पुढच्या प्रत्येकाने हा वारसा जसाच्या तसा घेतला असं नाही. 1983 पासूनचा हिदेयुकी किकुचींचा ‘व्हॅम्पायर हंटर डी’ मुळात कादंबरी. तिथे अर्धा माणूस असलेला शिकारी दूरच्या भविष्यात एकटा फिरतो. 1997 मध्ये सुरू झालेल्या कौता हिरानोंच्या ‘हेलसिंग’मध्ये तर उघड रक्तपात, नाझींचे अवशेष, व्हॅटिकनचे मारेकरी असा सगळा धुमाकूळ आहे. तरी तिथलाही व्हॅम्पायर आलुकार्ड माणसाच्या हातून मरण यावं म्हणून आसुसलेला असतो, कारण राक्षसाला मारायचा हक्क माणसाचाच, असं तो मानतो. म्हणजे बंदुका कितीही गरजल्या, तरी न संपणाऱ्या आयुष्याचा थकवा सुटलेला नाही. ‘व्हॅम्पायर नाइट’मध्ये तो पुन्हा शाळेच्या गणवेशात येतो, आणि तिथे हागिओंचं ऋण सर्वांत स्पष्ट दिसतं.

2016 मध्ये, चाळीस वर्षांनी, हागिओंनी ‘फ्लॉवर्स’ मासिकात पो कुळाची नवी कथा सुरू केली. तो अंक हातोहात संपला आणि मासिकाची पुन्हा छपाई करावी लागली. कथा 1944 मधल्या वेल्सची: जर्मनीतून जीव वाचवून आलेली ब्लांका आणि तिचा धाकटा भाऊ नोआ यांना एडगर भेटतो. घर सुटलेली भावंडं त्याने याआधी एकदा जवळून पाहिलेली आहेत, आणि हागिओ ती आठवण त्याच्या तोंडून न बोलवता ब्लांकाच्या प्रत्येक प्रसंगात जागी ठेवतात.