टायनी व्हूप : घरात उडवायचा छोटा ड्रोन

टायनी व्हूप म्हणजे तळहातावर मावेल असा चार मोटरचा ड्रोन, पुढे बारीकसा कॅमेरा असतो आणि उडवणारा डोळ्यावर गॉगल लावून त्या कॅमेऱ्यातून बघत उडवतो. तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटरमधलं अंतर साधारण ६५ किंवा ७५ मिलिमीटर, बॅटरी धरून वजन ३० ते ४५ ग्रॅम, प्रॉपभोवती (मोटरवरच्या फिरत्या पात्यांभोवती) प्लास्टिकची गोल कडी, त्यामुळे भिंतीला, पडद्याला धडकला तरी बहुतेक वेळा उचलायचा आणि परत उडवायचा. सुरुवात अमेरिकेत झाली, 'ब्लेड इंडक्ट्रिक्स' नावाचं कडीवालं खेळणं होतं, त्यावर जेसी पर्किन्स यांनी छोटा कॅमेरा आणि व्हिडिओ ट्रान्समीटर बसवला आणि २०१६ पासून हे नाव जगभर पसरलं. तेव्हाच्या मोटर ब्रशवाल्या, म्हणजे आत घासत राहणारे ब्रश असलेल्या होत्या, लवकर झिजायच्या, नंतर एवढ्याशा ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटर आल्या आणि खेळण्याचा खरा छंद झाला.

नाशिकमध्ये हा छंद घरातच करावा लागतो, कारण शहराभोवती बघा ना, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ. बाहेर उडवायचं तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटचा नकाशा उघडून आपली जागा लाल (परवानगीशिवाय उडवायला बंदी), पिवळी की हिरवी ते बघावंच लागतं, शिवाय पोलिसांचे वेळोवेळी निघणारे आदेश वेगळे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरतात आणि त्याला पायलट लायसन्स लागत नाही, पण वजन कमी आहे म्हणून रेड झोन माफ होतो असं अजिबात नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो. हॉलमध्ये मात्र दार लावून, पंखा बंद करून मनसोक्त उडवता येतं. (पंखा बंद करणं हा पहिला नियम, पाहुण्यांनाही आधी सांगून ठेवायचं.)

दुसरी गोष्ट म्हणजे ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, काही ठरावीक अपवाद सोडून. सुटे भाग मात्र मागवता येतात. म्हणून आपल्याकडे व्हूप घेणं म्हणजे बऱ्याचदा व्हूप जोडणं. मला तरी हे चांगलंच वाटतं, कारण ज्याने स्वतः जोडला त्याला तो दुरुस्तही करता येतो, आणि या छंदात उडवण्याइतकाच वेळ दुरुस्तीत जातो.

जोडायला लागतं काय तर फ्रेम, चार मोटर, प्रॉप, कॅमेरा, त्यावरची टोपी आणि एक बोर्ड. त्या एकाच बोर्डावर फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), चारही मोटरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट), बऱ्याचदा रिमोटचा सिग्नल घेणारा रिसिव्हर आणि व्हिडिओ ट्रान्समीटरसुद्धा असतो, सगळं अंगठ्याएवढ्या जागेत. मोटरवर ०८०२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आतला स्टेटर ८ मिमी रुंद, २ मिमी उंच. केव्ही, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाचे फेरे, २२००० असेल तर ४.२ व्होल्टला भार नसताना हिशेबाने मिनिटाला ९२ हजारांवर फेरे होतात, यावरून प्रॉपमध्ये एक केस अडकला तर काय होत असेल ते कळेल. वायर केसासारख्या बारीक असतात, त्यामुळे सोल्डर मारताना सोल्डरिंग गनचं टोक बारीक, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) भरपूर आणि हात दोन सेकंदांत बाजूला, जास्त वेळ टेकवलं तर बोर्डावरचा पॅड (वायर जोडायचा धातूचा ठिपका) उखडून येतो. ज्यांना जमत नाही त्यांनी एमजी रोडला मोबाईल रिपेअर करणाऱ्या एखाद्या कारागिराच्या शेजारी अर्धा तास उभं राहून बघावं, बोर्ड गरम कसा करायचा आणि कधी थांबायचं हे व्हिडिओपेक्षा तिथे लवकर समजतं.

बोर्डावर बेटाफ्लाइट नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालतं, आणि रेडिओ (हातातला रिमोट) जोडायला आजकाल एक्सप्रेसएलआरएस नावाची पद्धत, त्यात रेडिओ आणि रिसिव्हर दोघांत एकच शब्द भरला की जोडणी झाली. नवीन माणसाची हमखास चूक म्हणजे मोटरची दिशा. दोन मोटर घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात, दोन उलट, आणि प्रॉपही त्याच हिशेबाने बसवायचे, एक जरी चुकला तरी थ्रॉटल देताच, म्हणजे मोटरचा वेग वाढवताच, ड्रोन उलटा होतो. घाबरायचं नाही, आधी प्रॉप तपासायचे. आणि टेबलावर सेटिंग करताना प्रॉप काढून ठेवायचे, टेबल फॅनची हवा बोर्डावर सोडायची, कारण उडताना मिळणारी हवा तिथे नसते आणि व्हिडिओ ट्रान्समीटर पाच मिनिटांत चटका बसेल इतका तापतो.

मॉडिफिकेशनमध्ये सगळा खेळ ग्रॅमचा. ३० ग्रॅमच्या ड्रोनवर १ ग्रॅम म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त, त्यामुळे लोक मोटरचे प्लग कापून वायर थेट बोर्डाला सोल्डर करतात, टोपी कातरतात, जास्तीचे स्क्रू काढतात. पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल बॅटरीच्या कनेक्टरचा आहे. जुना पांढरा पीएच २.० कनेक्टर मुळात २ अँपिअरसाठी बनलेला, आणि ३०० एमएएचची बॅटरी ३ मिनिटांत रिकामी होत असेल तर हिशेब करा, सरासरी ६ अँपिअर जातायत. मग कनेक्टरच गरम होतो, व्होल्टेज तिथेच पडतं, आणि आपण मोटरला दोष देतो. बीटी २.० किंवा ए३० लावला की तोच ड्रोन वेगळाच वाटतो.

उडवायला शिकताना अँगल मोड, त्यात रिमोटची काठी सोडली की ड्रोन आपोआप सरळ होतो. अॅक्रो मोडमध्ये होत नाही, सगळं हाताने, पण गोलांट्या तिथेच. अँगलमध्ये एका बाजूला सरकत राहिला तर आधी फ्रेम वाकलीय का बघा, मग सपाट जागी ठेवून अॅक्सेलरोमीटर (ड्रोन किती कललाय ते मोजणारा सेन्सर) कॅलिब्रेट करा. छताच्या फार जवळ नेला तर वर ओढला जातो आणि चिकटल्यासारखा होतो, कोपऱ्यात गेला तर स्वतःचीच हवा भिंतीवरून परत येऊन त्याला हलवते, म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत उडवणं मोठ्या हॉलपेक्षा अवघड. उलटा पडला तर टर्टल मोड, मोटर उलट्या फिरवून तो परत सरळ होतो, सोफ्याखाली काठी घालायची गरज नाही. गेट म्हणून खुर्चीचे पाय, झोपाळ्याच्या कड्या, वायरिंगच्या पाइपची वाकवलेली कमान, काहीही चालतं. जुन्या नाशकातल्या वाड्यात तुळयांखालून उडवायला मिळालं तर सोडू नका, आणि मंगल कार्यालय ओळखीचं असेल तर चातुर्मासात विचारून बघा, तेव्हा हॉल रिकामे असतात.

घरातला खरा शत्रू म्हणजे केस, दोरे आणि रांगोळी. केस शाफ्टवर गुंडाळत जातो आणि मोटर जड फिरते, चिमट्याने सोडवून काढायचा, ओढायचा नाही. रांगोळीची पूड मोटरमध्ये गेली तर खरखर सुरू होते, म्हणून दिवाळीत दाराजवळ उडवूच नये.

बॅटरीबद्दल थोडं. एका सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) ४.२ व्होल्टपर्यंत, एचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेज असेल तर ४.३५ पर्यंत चार्ज होते, उडताना ३.३ च्या आसपास आली की उतरवायचं, आणि दोन-चार दिवस उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवायची. फुगलेली बॅटरी परत चार्ज करू नये, कितीही महाग असली तरी, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत, निफाडला पारा ५ अंशांच्या खाली जातो त्या दिवसांत, नाशकातही सकाळी बॅटरी थंडगार असते, आतला रोध वाढतो आणि थ्रॉटल दिल्या दिल्या लो व्होल्टेजचा इशारा येतो. तेव्हा उडवायच्या आधी पाच-दहा मिनिटं बॅटरी शर्टाच्या खिशात ठेवायची.