महाविद्यालयीन फुटबॉल क्रमांकन, अमेरिकन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठ संघांचा गुणानुक्रम लावून राष्ट्रीय विजेता ठरविण्याची पद्धती. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन खेळ. सर्वोच्च विभागात शंभराहून अधिक संघ आहेत आणि मोसमातील नियमित सामने प्रत्येकी साधारण बारा. साहजिकच बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. शिवाय राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना (एनसीएए) या विभागाचे विजेतेपद स्वतः देत नाही. निरनिराळ्या निवडकर्त्यांचे निर्णय आपल्या अभिलेखात नोंदविते, इतकेच.

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्झ व प्रिन्स्टन यांच्यात झाला असे सामान्यतः मानतात. त्या वर्षापासूनच्या विजेत्यांच्या याद्या उपलब्ध आहेत. मात्र त्या मागाहून रचलेल्या आहेत. त्यांपैकी पार्क डेव्हिस यांची यादी १९३३ मधील. डेव्हिस स्वतः प्रिन्स्टनचे खेळाडू होते, ही गोष्ट त्या विद्यापीठाची जुनी विजेतेपदे मोजताना नजरेआड करू नये. समकालीन क्रमांकनाचा आरंभ इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांच्यापासून, म्हणजे सुमारे १९२६ पासून, धरणे अधिक सयुक्तिक वाटते. नोत्र दामचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या आग्रहावरून त्यांनी १९२४ व १९२५ चेही विजेते मागाहून ठरविले, असे सांगतात. १९२४ चा मान नोत्र दामलाच मिळाला.

डिकिन्सन संघांचे सबळ व दुर्बळ असे दोन वर्ग करीत. सबळ संघावरील विजयाला ३० गुण, दुर्बळावरील विजयाला २०. सबळाकडून पराभव झाल्यास १५, दुर्बळाकडून झाल्यास १०. बेरजेला सामन्यांच्या संख्येने भागत. सरासरी २० च्या वर असलेल्या संघाने दुर्बळाला हरविले, तर ती खाली येई. जिंकून नुकसान होण्याचा हा प्रकार पद्धतीतील उघड दोष होय.

असोसिएटेड प्रेस (एपी) वृत्तसंस्थेची पत्रकारांची साप्ताहिक मतपाहणी १९३६ पासून नियमित झाली. पहिला मान मिनेसोटाचा. प्रशिक्षकांची स्वतंत्र मतपाहणी १९५० मध्ये आली. तिचा अखेरचा कौल ‘बोल’ नावाच्या मोसमाअखेरच्या निमंत्रण-सामन्यांपूर्वीच लागे. १९७३ मध्ये तिने अलाबामाला विजेता ठरविले आणि त्यानंतर शुगर बोलमध्ये नोत्र दामने अलाबामाला हरविले. पुढच्या वर्षापासून कौल सामन्यांनंतर घेऊ लागले. दोन मतपाहण्यांचे दोन विजेते १९९०, १९९१ व १९९७ मध्ये झाले.

१९९८ ते २०१३ या काळातील बीसीएस (बोल चॅम्पियनशिप सिरीज) योजनेत मतपाहण्या व संगणकीय गुणांकन एकत्र करून पहिल्या दोन संघांत अंतिम सामना होई. अखेरच्या टप्प्यातील सहा संगणकीय पद्धतींपैकी वेस्ली कॉली यांचे गणित पूर्णपणे खुले होते. त्यात प्रत्येक संघ १/२ पासून सुरू होतो; जिंकलेल्या सामन्यांत १ व खेळलेल्या सामन्यांत २ मिळवून भागाकार करतात. पाचपैकी चार जिंकणाऱ्याचे प्राथमिक मूल्य ५/७ येते. मग प्रतिस्पर्ध्यांची मूल्ये त्यात गुंफली जातात आणि सर्व संघांची एकसामयिक समीकरणे एकदम सोडविली जातात. विजयाचे अंतर विचारात घेतले जात नाही. बीसीएसने २००२ पासून सर्वच संगणकीय पद्धतींना ते वर्ज्य केले. तरीही २००३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठ (बीसीएसनुसार) व सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ (एपीनुसार) असे दोन विजेते राहिलेच. २००४ च्या मोसमात अपराजित ऑबर्न अंतिम सामन्याबाहेर राहिला. त्यानंतर एपीने आपली मतपाहणी योजनेतून काढून घेतली.

२०१४ पासून तेरा सदस्यांची निवड समिती बाद फेरीसाठी चार संघ निवडू लागली. पहिल्याच वर्षी चौथ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटने विजेतेपद मिळविले. २०२३ मध्ये तेराही सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला वगळण्यात आले. २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी आहे. खालच्या विभागांत मात्र एनसीएएच्या स्वतःच्या बाद फेऱ्या १९७० च्या दशकापासून होतात.