बातमी गावात दोनदा पोचते

अमेरिकेच्या ओहायो राज्यातली ईरी काउंटी. १९४० साली रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात अध्यक्षपदाची लढत चालू होती. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी मे ते नोव्हेंबर त्याच ६०० मतदारांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले: काय ऐकलंत, काय वाचलंत, मत बदललं का? रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवतात, असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात पक्ष बदलणारे फार थोडे निघाले. शिवाय भाषण ऐकणाऱ्यांपेक्षा किंवा बातमी वाचणाऱ्यांपेक्षा निवडणुकीवर एकमेकांशी बोलणारेच जास्त होते.

म्हणजे बातमी आधी नेमाने वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या मोजक्या माणसांकडे जाते आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांकडे. ही माणसं पुढारीच होती असं नाही. ती समाजाच्या प्रत्येक थरात सापडली.

आपल्याकडचा कांदा घ्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यातबंदी घातली. ती बातमी मोबाइलवर क्षणात पोचली. पण आपल्या ट्रॉलीतल्या मालाचं आता काय होणार, हे कळायला लासलगावचा लिलाव लागतो. बोली कुठे थांबली, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला काय भाव लागला, हातात पडलेल्या हिशेबपट्टीत हमाली-तोलाई वजा जाता किती उरले, यावर तिथेच उभ्या उभ्या चर्चा होते आणि धोरणाचा अर्थ लागतो. बंदी ४ मे २०२४ ला उठली. नाशिक आणि दिंडोरीत मतदान होतं २० मेला. तोवर पाच महिन्यांच्या पट्ट्या घरोघरी जमल्या होत्या. माझ्या मते त्या पट्ट्या हीच सर्वांत विश्वासार्ह राजकीय माहिती होती.

व्हॉट्सअ‍ॅपचं बळही इथेच आहे. मजकूर कुणी लिहिला हे ठाऊक नसतं, पण पाठवणारा चुलतभाऊ असतो. म्हणून खोटंही खपतं, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

मग कोरडी, खरी माहिती नुसती हातात ठेवली तर? बेनिन, बुर्किना फासो, ब्राझील, मेक्सिको आणि युगांडात संशोधकांनी मतदारांना नेत्यांच्या कामगिरीची माहिती देऊन पाहिली. २०१९ मध्ये एकत्रित निष्कर्ष आले: मतदानावर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य.

आपल्याकडे उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे सांगणारं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. ते दूध डेअरीवर किंवा बचत गटाच्या बैठकीत ओळखीच्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवलं, लोकांनी त्यावर प्रश्न विचारले, तर किती फरक पडतो, हे कुणीतरी आपल्या गावांत नीट मोजायला हवं.