वायरलेस सेन्सर नेटवर्कमधली वीजबचत

वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणजे तापमान, ओलावा, हादरे असलं काहीतरी मोजणारे छोटे नोड, प्रत्येकात सेन्सर, मायक्रोकंट्रोलर (छोटा कॉम्प्युटर), निरोप पाठवणारा-ऐकणारा रेडिओ आणि बऱ्याचदा फक्त दोन पेन्सिल सेल. एकदा बसवले की सेल बदलायला परत जाणं परवडत नाही. 2002 मध्ये अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक बेटावर असे 32 नोड लावले होते, पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांतलं तापमान-ओलावा मोजायला, आणि माणसांची ये-जा झाली की हे पक्षी बिचकतात म्हणून सेल 9 महिने तरी पुरले पाहिजेत असं आधीच ठरवलेलं.

वीज खाणारा मुख्य भाग म्हणजे रेडिओ. आपल्याला वाटतं पाठवतानाच जास्त जात असेल, पण टेलॉसबी नावाच्या नोडमधल्या सीसी2420 या रेडिओ चिपला पूर्ण ताकदीने पाठवताना 17.4 मिलिअँपिअर लागतात आणि ऐकताना 18.8! म्हणजे कोणी काही बोलत नसतानाही नुसता कान लावून बसलं तरी सेल उतरतोच. हिशोब करून बघा, 2500 मिलिअँपिअर-तासांचे सेल धरले तर रेडिओ सतत चालू ठेवल्यावर साडेपाच दिवसांत खेळ खलास, आणि 1 टक्काच वेळ चालू ठेवला तर कागदावर तरी दीड वर्ष निघतं.

म्हणून खरी बचत रेडिओला झोपवण्यात आहे. कोणी कधी झोपायचं, कधी उठायचं याचे नियम ठरवणाऱ्या पद्धती आहेत. त्यातल्या एस-मॅक (2002) मध्ये शेजारचे नोड एकाच वेळी झोपतात-उठतात, फक्त निरोप पोचायला उशीर होतो. बी-मॅकमध्ये (2004) प्रत्येक नोड आपल्या सवडीने क्षणभर उठून कानोसा घेतो आणि पाठवणाऱ्याला आधी लांबलचक सिग्नल द्यावा लागतो, म्हणजे भार बोलणाऱ्यावर, आणि जिथे क्वचितच बोलायचं असतं तिथे हे मला जास्त पटतं.

लीच ही वीज वाचवायची आणखी एक पद्धत, एमआयटीतल्या हाइन्झेलमन, चंद्रकसन आणि बालकृष्णन यांची, 2000 सालची. नोडचे गट पाडायचे, गटाच्या प्रमुखाने सगळ्यांचे आकडे एकत्र करून आटोपशीर निरोप बेस स्टेशनला (जिथे सगळा डेटा गोळा होतो) पाठवायचा, आणि प्रमुखपद आळीपाळीने फिरवायचं, नाहीतर तो एकटाच आधी संपतो.

जिथे निरोप हातोहात पुढे जातात तिथे बेस स्टेशनजवळच्या नोडची फार ओढाताण होते, कारण लांबच्या सगळ्यांचा डेटा त्यांच्यातूनच जातो. ते बंद पडले की मागच्यांचे सेल अजून भरलेले असूनही डेटा बाहेर येत नाही, म्हणून तिथे नोड दाट लावतात किंवा बेस स्टेशनच फिरतं ठेवतात.